भुकेने खंगलेला घोडा आणि खाऊनही खंगलेला घोडा

लग्नसराई संपली की वरातीच्या घोड्यांना काम उरत नाही. पावसाळा लागला की माथेरानचा धंदा बसतो आणि वीटभट्ट्याही बंद पडतात. अशा दिवसांत रस्त्याकडेला एखादा घोडा दिसतो. बरगड्या लांबूनही मोजता येतात, पुठ्ठ्यांची हाडं वर आलेली असतात आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले असतात. माणसं जमतात, मालकाला शिव्या घालतात, कुणीतरी धावत जाऊन भिजवलेले हरभरे, गूळ आणि ब्रेडचा पुडा घेऊन येतं. मनातली दया खरीच असते. पण त्या घोड्याला त्या क्षणी काय द्यावं, हे तो कशामुळे असा झाला यावर ठरतं, आणि ते नुसतं बघून कळत नाही.

खंगलेले घोडे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकाला खायला मिळालं नाही. दुसऱ्याला मिळालं, तो खातही होता, पण अंगी लागलं नाही. अंगावरच्या मांसाचा अंदाज घेण्यासाठी जगभर १ ते ९ असा एक मापक वापरतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी तो १९८३ मध्ये मांडला. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा हाताने चाचपून आकडा ठरवायचा. १ म्हणजे हाडं आणि कातडं, ५ म्हणजे ठीक. वरचे दोन्ही घोडे या मापकावर १ मध्येच बसतील. घोडा किती वाळला हे आकडा सांगतो, का वाळला हे सांगत नाही. खरं काम त्यापुढे सुरू होतं.

आधी भुकेल्याचं बघू, कारण जीव जाण्याचा धोका तिथे जवळचा आहे.

घोड्याला चारा मिळेनासा झाला की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, मग चरबी, आणि चरबी संपली की स्वतःचे स्नायू. त्यात हृदयाचा स्नायूही आला. या अवस्थेत फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा तळाला गेलेला असतो, पण रक्तात त्यांचं प्रमाण कसंबसं टिकून राहतं. अशा घोड्यापुढे कुणी प्रेमाने चंदी ठेवली, म्हणजे मका, बाजरी, हरभरा, गूळ, चपात्या असं काहीही, तर त्यातल्या पिष्टाची साखर होते, इन्सुलिन उसळतं आणि साखरेबरोबर ही क्षारद्रव्यंही रक्तातून पेशींमध्ये खेचली जातात. रक्त रिकामं पडतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो, घोडा आडवा होतो. हे लगेच होत नाही, बहुतेकदा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास होतं. त्यामुळे पहिले दोन दिवस सगळे आनंदात असतात, ‘बघा, कसा खातोय!’ आणि मग तो गेला की ‘बिचारा फारच अशक्त होता’ म्हणून विषय संपतो. तो अशक्त होता हे खरंच, पण त्याला मारलं ते तोबऱ्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली माणसंही पोटभर जेवण मिळाल्यावर अशीच दगावली होती.

म्हणून भुकेल्या घोड्याला थोडं थोडं, वारंवार आणि कमी पिष्टाचं द्यायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने उपाशी घोड्यांना वेगवेगळा आहार देऊन पाहिला, तेव्हा वाळलेला लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, सगळ्यांत उजवा ठरला. त्यात प्रथिनं भरपूर, पिष्ट कमी, आणि फॉस्फरस-मॅग्नेशियमही असतं. त्यांनी घालून दिलेला क्रम आजही सुटका केलेल्या घोड्यांसाठी वापरतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ४५० ग्रॅम वाळलेला घास, म्हणजे दिवसाला सहा वेळा, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून माप हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या, म्हणजे सहाव्या दिवशी आठ-आठ तासांनी मिळून सहा किलोच्या आसपास जातं. दहाव्या दिवसानंतर तो खाईल तितकं. दाणा मात्र तेव्हाही नाही. तो चांगला सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून.

हे माप साधारण साडेचारशे किलोच्या घोड्याचं आहे. आपल्याकडचे डोंगरावरचे किंवा चौपाटीवरचे तट्टू निम्म्या वजनाचे असतात, त्यांना तेवढंच दिलं तर जास्त होईल. वजनकाटा नसला तरी शिंप्याच्या टेपने अंदाज येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे किलो. घेर १४० आणि लांबी १३० आली तर घोडा सव्वादोनशे किलोच्या आत आहे, आणि त्याचा पहिल्या दिवसाचा घास एका वेळेला दोन-सव्वादोनशे ग्रॅम. दोन्ही हातांत सहज मावेल एवढाच. तो समोर ठेवताना जीव तुटतो, कारण घोडा तो पाच-दहा मिनिटांत संपवतो आणि रिकामी घमेली चाटत तुमच्याकडे बघत राहतो. तरी हात आवरायचा.

आणखी एक अडचण आपल्या भागातली. इथे लसूणघास बहुतेक ओलाच विकतात. ओल्या घासात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे वरची मापं त्याला लागू पडत नाहीत, आणि एकदम ओला घास दिला तर पोट फुगायची भीती वेगळी. पेंढ्या सावलीत पसरून, उलटसुलट करून वाळवाव्यात. उसाचं वाढं जनावरांना सर्रास घालतात, पण त्यात साखर असते. उपाशी घोड्याला पहिल्या दिवसांत ते नकोच. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावरही भागवू नये. कोंड्यात फॉस्फरस बराच आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, त्यामुळे महिनोन्‌महिने त्याच्यावर ठेवलेल्या घोड्यांच्या तोंडाची हाडं सुजतात.

आता दुसरा घोडा.

त्याच्या मालकाला विचारलं, ‘मामा, खातो का नीट?’ तर उत्तर येतं, ‘खातो हो, पण अंगी लागत नाही.’ आपण याला थाप समजतो. निम्म्या वेळा तरी ती थाप नसावी, असं माझं मत आहे.

सगळ्यांत आधी तोंड बघावं. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन ते तीन मिलिमीटर, आणि तितक्याच घासल्या जातात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजत नाही. तिथे टोकं तयार होतात. गालाला आतून जखमा, जिभेला चिरा. घोड्याला भूक असते, तो घास तोंडात घेतो, दोन-चार वेळा चावतो आणि अर्धवट चघळलेला ओला गोळा बाहेर टाकतो. गव्हाणीखाली असे लांबट, लाळेने भिजलेले चोथ्याचे गोळे सापडले तर चाऱ्याचं माप वाढवून काहीही होणार नाही. डॉक्टरांनी भूल देऊन, तोंड उघडं ठेवणारी पकड लावून लांब कानशीने ती टोकं घासली की तोच घोडा त्याच चाऱ्यावर सुधारतो. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजून संपलेल्या असतील तर वैरण बारीक कुट्टी करून, भिजवून मऊ द्यावी लागते. उरलेलं आयुष्य तसंच.

दुसरं कारण जंत. तिसरं, आणि आपल्या देशात विसरून न चालण्यासारखं, सर्रा. हा रक्तातल्या परजीवीचा आजार, चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. हिरड्या फिक्या पडतात, पोटाखाली आणि पायांना सूज येते, पुढे मागचे पाय लटपटतात. आणि बरेचदा हा घोडा शेवटपर्यंत खात असतो. रक्ताच्या एका काचपट्टीत परजीवी दिसला नाही म्हणून सर्रा नाही असं म्हणता येत नाही, कारण तो रक्तात सतत सारखा नसतो. तपासणी पुन्हा करावी लागते.

दोघांतला फरक मला सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो लिदीत. हातमोजा घालून लिदीचा एक गोळा फोडून बघा. भुकेल्या घोड्याची लीद थोडी, लहान, कोरडी, आणि तिच्यात माती, सालपटं, कधी प्लास्टिकही सापडतं, कारण त्याने मिळेल ते खाल्लेलं असतं. दातांचा त्रास असलेल्या घोड्याच्या लिदीत न चावलेल्या लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसतात. जंतांची अंडी मात्र डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा.

वागण्यातही फरक असतो. भुकेला घोडा घास दिसला की झडप घालतो, लाकूड कुरतडतो, शेजारच्याची शेपटी चावतो. अंगाने थंड असतो, पावसात भिजला तर कुडकुडतो, त्याला कोरडी जागा आणि झूल औषधाइतकीच गरजेची. आजारी घोड्याचा ताप दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर मोजून लिहून ठेवावा. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. एखाद्या सकाळी ३९.५ आणि बाकी दिवस ठीक, असा कागद डॉक्टरांच्या हातात दिला तर निम्मं काम होतं.

एका खुणेने मात्र अनुभवी माणसंही चकतात. घोड्याच्या हिरड्या आणि डोळ्यांतला पांढरा भाग पिवळसर दिसला की ‘कावीळ झाली, यकृत गेलं’ असा निष्कर्ष निघतो. घोडा नुसता उपाशी राहिला तरी दोन-तीन दिवसांत रक्तातलं पित्तरंजक (बिलिरुबिन) वाढतं आणि हा पिवळेपणा येतो. यकृत धडधाकट असतं. खाणं सुरू झाल्यावर तो ओसरतो. पोटाखालच्या सुजेचंही तसंच, प्रथिनं घटली की भुकेल्या घोड्यालाही ती येते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

आणि दोन्ही गोष्टी एकाच घोड्यात असणं अगदी नेहमीचं आहे. उपाशी जनावराची ताकद गेलेली, त्यात जंत माजतात. पाच घोडी एकाच गव्हाणीवर असतील तर दोन दांडगी बाकीच्यांना जवळ येऊ देत नाहीत, मग भरल्या गव्हाणीशेजारी एक घोडी उपाशी मरते आणि मालक शपथेवर सांगतो की चारा भरपूर होता. तोही खरंच बोलत असतो.

पहिल्या रात्री निदान झालेलं नसतं. तेव्हा प्रत्येक खंगलेल्या घोड्याला भुकेलाच समजावं. थोडा थोडा वाळलेला घास आजारी घोड्याला अपाय करत नाही, पण आजारी समजून भुकेल्याला दिलेली चंदी त्याला मारू शकते. स्वच्छ पाणी समोर असावं. जंताचं औषध त्या दिवशी मुळीच नको. हाडांचा सापळा झालेल्या घोड्याच्या आतड्यात एकदम मोठ्या संख्येने जंत मेले तर पोटशूळ उठतो. नालबंदालाही बोलवायची घाई नको, खूर कितीही वाढलेले असले तरी तीन पायांवर तोलून उभं राहण्याची ताकद आधी यायला हवी. घोडा बाकीच्यांपासून वेगळा बांधावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा. नाकातून घट्ट शेंबूड येत असेल तर फारच जपून, कारण ते ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराचं लक्षण असू शकतं, आणि तो माणसालाही होतो. त्याची खबर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावीच लागते. या आजाराचं निदान करणारी देशातली मुख्य संस्था म्हणजे हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र.

पुढचा वेळही दोघांना वेगळा लागतो. दातांचं दुखणं निघाल्यावर घोडा काही आठवड्यांतच भरू लागतो. सर्राचं औषध लागू पडलं तरी रक्त भरून यायला वेळ जातो. उपाशी घोड्याला पूर्वीच्या वजनावर यायला तीन ते पाच महिने धरावेत, आणि तोवर पाठीवर खोगीर नाही. वजनातलं जवळपास निम्मं गेलं असेल किंवा घोडा तीन दिवसांहून अधिक आडवाच पडून असेल, तर तो वाचण्याची आशा फार थोडी असते. डॉक्टरांनी त्याला शांतपणे जाऊ द्यायला सुचवलं तर त्यांचं ऐकावं.

तक्रार करायची असेल तर हाच फरक कागदावर यायला हवा. प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधाचा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये सांगतो की जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा दंड आज लाज वाटावी इतका तुटपुंजा आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत माथेरानचे पर्यटक थांबले तेव्हा घोड्यांबरोबर घोडेवाल्यांच्या चुलीही थंडावल्या होत्या, त्यांना गुन्हेगार ठरवून एकही घोडा जगला नसता. वैरणीची गाडी वर पोहोचवणं हाच तिथे उपाय होता. ज्याचा घोडा खात असूनही वाळतोय त्याला डॉक्टर हवा, पोलीस नको. चाऱ्याच्या पेंढ्या समोर रचलेल्या असताना घोडा उपाशी बांधून ठेवणाऱ्यावर मात्र गुन्हा नोंदवायलाच हवा. त्यासाठी पहिल्याच दिवशी मापकातल्या सहाही जागांचे फोटो, टेपने काढलेलं वजन, दातांची आणि लिदीची तपासणी, रक्ताचा अहवाल हे सगळं तारखेसह डॉक्टरांच्या सहीने घ्यावं. महिन्याभराने घोडा नुसत्या घासावर भरला तर त्याच कागदांशेजारी नवं वजन लिहून जोडावं. त्याला आजार नव्हता, खायला मिळत नव्हतं, याचा तेवढा ठोस पुरावा दुसरा मिळत नाही.