गळून गेल्यावर काय प्यायचं: डबा की पुडी?

उन्हाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "जुलाबाने पार गळून गेलोय, एखादं एनर्जी ड्रिंक द्या." फ्रिजमधला थंडगार डबा आणि ओआरएसची पुडी, दोन्ही 'ताकदीचं' म्हणूनच मागितलं जातं. घोळ त्या एका शब्दाने होतो.

डब्यातली ताकद मुख्यतः कॅफीनची. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या जागी बसलं की झोप येते. कॅफीन त्या जागा आधीच अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. थकवा असतो तिथेच असतो, फक्त जाणवत नाही. साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफीन अंगात उरतं, म्हणजे संध्याकाळी सहाचा डबा रात्री अकरालाही जागाच. आपल्याकडे लिटरला 300 मिलीग्रॅमची मर्यादा आहे. 250 मिलीच्या डब्यात फार तर 75. एका कडक कॉफीइतकं. मुलांनी आणि गरोदर बायकांनी पिऊ नये, हेही डब्यावरच लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

डब्यात टॉरिनही असतं. त्याचं नाव लॅटिनमधल्या बैलावरून पडलं, कारण 1827 साली ते बैलाच्या पित्तात सापडलं. आपलं शरीर ते स्वतःच बनवतं. ब जीवनसत्त्वांचं म्हणाल, तर जास्तीची बरीचशी लघवीवाटे जातात. ती पिवळीधमक होते ती बी-2 मुळे.

पुडीत यातलं काहीच नाही. लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम सायट्रेट. यातलं ग्लुकोज मिठाचा हात धरायला आहे. आतड्यातलं एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोजला जोडीनेच आत घेतं आणि मागोमाग पाणी शिरतं. जुलाब चालू असतानाही हे दार बहुतेक वेळा उघडं असतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच भरवशावर ड्रममधून मीठ-ग्लुकोजचं पाणी वाटलं आणि हजारोंचे प्राण वाचले.

आता तोच डबा जुलाबात पाजून बघा. 250 मिलीत सुमारे 27 ग्रॅम साखर, पुडीच्या पाण्याच्या आठपट गोड. इतकं दाट द्रावण अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. कॅफीनने लघवी जास्त होऊन पाणी उतरतं, ही भीती मात्र मला जरा वाढवून सांगितलेली वाटते. खरी गोम साखरेत आहे.

गोड पेयांच्या खोक्यांवरही 'ओआरएस' झळकायचं. 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. घरी मात्र अजून लिटरची पुडी एका ग्लासात कालवून देणारे भेटतात, 'जरा कडक होऊ दे' म्हणून. तसं केलं की पुडीही डब्यासारखीच वागते.