हजेरीपटावर आलेला खेळ

फर्स्ट एमबीबीएसच्या वेळापत्रकात ‘खेळ व इतर उपक्रम’ ही ओळ तासांच्या आकड्यासह छापून आली ती 2019 मध्ये. त्याआधी ठाणे-नवी मुंबईतल्या वैद्यकीय कॉलेजांत, म्हणजे कळव्यात, नेरुळला, कामोठ्यात, मुलं खेळत नव्हती असं नाही. मेसच्या मागे नेट बांधून व्हॉलीबॉल चालायचा, गॅदरिंगच्या तालमी फॉरेन्सिकच्या लेक्चरला दांडी मारून व्हायच्या. फरक इतकाच की या गोष्टींची हजेरी कोणी घेत नव्हतं. आज ‘स्टुडंट वेलनेस’ या नावाखाली समुपदेशकाची खोली, मेंटॉर, योग सप्ताह, वेलनेस क्लब असं बरंच काही येतं. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की वाट पुन्हा पुन्हा या हजेरीपाशीच येते.

जुना काळ थोडक्यात. नेरुळ-कामोठे पट्ट्यातली खासगी कॉलेजं 1989 ते 1991 मधली, कळव्याचं महापालिकेचं 1992 चं. सुरुवातीला विद्यापीठ मुंबईचं होतं, म्हणजे एकांकिकेला, वक्तृत्वाला समोर आर्ट्स-कॉमर्सची तयारीची मुलं असायची. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विद्यापीठ झालं, नेरुळ-कामोठ्यातली दोन कॉलेजं पुढे अभिमत विद्यापीठांत गेली आणि वैद्यकीयची मुलं आपापसांतच स्पर्धा करू लागली. त्याच दशकात 1994 च्या कायद्याने राज्यात विद्यार्थी निवडणुका थांबल्या. निवडून आलेल्या जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरचिटणीसाच्या, जागी गुणांवर नेमलेला जीएस आला. गॅदरिंगचा खर्च, कलाकार कोण बोलवायचा, मैदान कुणाला किती वाजता, यावरची भांडणं त्यामुळे कमी झाली हे खरं. पण ‘मुलांना काय हवंय’ हे अधिकाराने सांगणारा माणूसही गेला. पुढे वेलनेसच्या समित्या झाल्या तेव्हा त्यात मुलांच्या बाजूने बसायला वर्गात पहिले आलेलेच होते, आणि पहिल्या आलेल्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात.

जागेचा प्रश्न त्याहून जुना. वैद्यकीय परिषदेच्या 1999 च्या निकषांत मैदान, व्यायामशाळा आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मागितला होता. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी चुन्याच्या ताज्या रेषा मारलेलं मैदान हे राज्यभरातल्या कितीतरी डॉक्टरांच्या आठवणीतलं चित्र आहे. इकडे आणखी एक अडचण होती, लोकलची. ठाण्या-मुंबईची निम्मीअधिक मुलं डे-स्कॉलर. कळव्याला फास्ट गाडी थांबत नाही. ठाणे-वाशी मार्ग प्रवाशांना खुला झाला तोच 2004 मध्ये. चारनंतरचा कुठलाही उपक्रम हा व्यवहारात हॉस्टेलच्या मुलांचा उपक्रम ठरायचा. ठाण्याच्या मुलांना गडकरी रंगायतन जवळ होतं, नवी मुंबईकरांना वाशीचं भावे नाट्यगृह, आणि प्रयोग संपल्यावर घरी कसं जायचं हा प्रश्न दोघांनाही सारखाच.

विद्यार्थ्याच्या मनाचा विचार कागदावर पहिल्यांदा आला तो शिक्षेच्या भाषेत. राज्याचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हात घातला आणि मार्च 2009 मध्ये हिमाचलमधल्या एका एमबीबीएसच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर त्याच वर्षी देशभरासाठी नियम आले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने आणि पालकाने सही करायचं प्रतिज्ञापत्र तेव्हापासूनचं. या नियमांनी हॉस्टेलं सुधारली, यात शंका नाही. मात्र कॉलेजांना एक सवयही लागली, की मुलांचं बरं-वाईट म्हणजे समिती नेमणे, फलक लावणे आणि अहवाल पाठवणे. विद्यापीठात या खात्याचं नाव ‘विद्यार्थी कल्याण’. ठाणे जिल्ह्यात कल्याण म्हटलं की आधी गाडी कितीची आहे ते बघतात, हा विनोद जुना झाला, पण त्या खात्याकडून मुलांना काय मिळतं हे विचारलं तर बऱ्याच जणांना गाडीचाच वेळ जास्त पक्का सांगता येईल.

आता 2019. त्या वर्षीच्या बॅचपासून क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर बेतलेला, अभ्यासक्रम लागू झाला आणि त्याच्या तोंडाशी महिनाभराचा फाउंडेशन कोर्स आला. एकूण 175 तास: ओळख 30, कौशल्यं 35, आरोग्य केंद्राला भेट 8, व्यावसायिक वृत्ती आणि नीतिमूल्यं 40, भाषा आणि संगणक 40, खेळ आणि इतर उपक्रम 22. शिवाय उरलेल्या वर्षात खेळ-उपक्रमांना आणखी 60 तास. ॲनाटॉमीला 675 तास दिलेल्या वर्षात 60 हा आकडा किरकोळ वाटेल, पण भारतातल्या वैद्यकीय शिक्षणात खेळाला अभ्यासाच्या तक्त्यात स्वतःची ओळ मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. वाद झाला तो पुढच्या वाक्यावर. फाउंडेशन कोर्सला किमान 75 टक्के हजेरी सक्तीची.

हजेरी का, याचं उत्तर आखणाऱ्यांच्या बाजूने समजण्यासारखं आहे. आपल्याकडे जे हजेरीत नाही ते होत नाही. त्या 22 तासांना हजेरी नसती तर पहिल्याच आठवड्यात ॲनाटॉमी विभागाने ‘जरा जास्तीचं डिसेक्शन’ म्हणून ते उचलले असते. वरच्या वर्गातल्यांनीही ‘पोर्शन कव्हर कर, खेळ नंतर’ असंच सांगितलं असतं. नीटची दोन-दोन वर्षं खोलीत बसून काढलेल्या मुलाला स्वतःहून मैदानावर जायची सवयच राहिलेली नसते. त्याला आधी नेऊन उभं करावं लागतं. हा युक्तिवाद प्रामाणिक होता आणि काही ठिकाणी लागूही पडला.

प्रत्यक्षात काय दिसलं? दुपारी तीनची वेळ. बहुउद्देशीय हॉलमध्ये दोनच बॅडमिंटन कोर्ट आणि शंभर मुलं. आठ जण खेळतायत, बाकीचे भिंतीला टेकून मोबाइलवर ॲनाटॉमीतल्या ब्रॅकियल प्लेक्ससचे व्हिडिओ बघतायत. दाराशी टेबल, टेबलावर रोल नंबरांचा कागद, दोऱ्याने बांधलेलं पेन. सही झाली की पोरगी पायऱ्यांवर जाऊन बसते, कारण पाच वाजता पुन्हा सही आहे. रात्री लॉगबुकात लिहायचं: ‘आज मी सांघिक भावना शिकले.’ तपासणाऱ्या मॅडमही त्यावर टिक करतात आणि पुढचं पान उलटतात. यात कोणी एक दोषी नाही. कम्युनिटी मेडिसिनच्या असिस्टंट प्रोफेसरला लसीकरण सांभाळून हा वर्ग दिलेला असतो, आणि खेळातलं त्याला मुलांइतकंच कळतं.

टीकाकारांचा आक्षेप खेळाला नव्हताच, हे नीट सांगायला हवं, कारण तेव्हा बातम्यांत ‘डॉक्टर व्हायला आलेत की खो-खो खेळायला’ अशा थाटात तो मांडला गेला. आक्षेप होता तो मोकळ्या वेळेच्या व्याख्येला. मुलाला ताण आहे म्हणून जो तास दिला, त्याच तासाची टक्केवारी कमी पडली तर त्याला विभागप्रमुखांसमोर उभं राहावं लागणार. म्हणजे ताणाचं नवं खातं उघडलं. या बाबतीत टीकाकारांचं पारडं जड आहे असं मला वाटतं. हजेरी कॉलेजची घ्यायला हवी होती: मैदान सायंकाळी खुलं होतं का, शिक्षक आला का, कोर्टं किती, मुलींना दिवे लागल्यावर खेळता येतं का. त्याऐवजी ती मुलांची घेतली गेली.

मग कोविड आला आणि वादाची धारच गेली. 2020 ची बॅच फेब्रुवारी 2021 मध्ये आणि 2021 ची फेब्रुवारी 2022 मध्ये कॉलेजात आली. वर्षं दाबून बसवताना पहिला बळी कुणाचा जाणार हे उघड होतं. महिनाभराचा फाउंडेशन कोर्स आक्रसला. योगाचं मात्र उलट झालं. 2022 मध्ये नव्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या मुलांसाठी दहा दिवसांचा योग सुचवला. तेव्हाच डॉक्टरांच्या शपथेवरून, म्हणजे हिपोक्रेटसची की चरकाची यावरून, इतका धुरळा उडाला की मुलांच्या झोपेचा विषय निघून गेला.

मनाच्या आजाराबद्दल ठाण्यात बोलणं थोडं जास्तच अवघड आहे, आणि त्याला स्थानिक कारण आहे. इथलं मनोरुग्णालय 1901 चं. शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबई-कोकणात ‘याला ठाण्याला पाठवा’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागलेला नाही. वैद्यकीयच्या मुलांना तर रोज ठाण्यालाच यायचं असतं. चेष्टा आपोआप होते. मानसोपचाराचा पेपरही वेगळा नव्हता, तो मेडिसिनच्या पोटात. पोस्टिंग दोन आठवड्यांचं, त्यात बरीच मुलं लायब्ररीत.

माझ्या ओळखीच्या एका कॉलेजात समुपदेशक नेमली गेली तेव्हा तिला बसायला जागा मिळाली सायकियाट्री ओपीडीच्या शेजारी. भेटायचं तर आधी केसपेपर काढायचा, आणि केसपेपरच्या खिडकीपाशी उभे असतात आपलेच इंटर्न. पहिल्या सहा महिन्यांत तिच्याकडे जी मुलं आली ती मायग्रेनच्या नावाने. कोणीतरी शहाण्या क्लार्कने तिला लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर झेरॉक्सची जुनी खोली मिळवून दिली, तेव्हा कुठे मुलं येऊ लागली. कुठल्याही परिपत्रकात खोली कुठे असावी याचा विचार दिसत नाही. खोली असावी एवढाच.

अलीकडच्या घडामोडी रेसिडेंटांभोवती, म्हणजे वॉर्डात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांभोवती, फिरतात, आणि इथे गुंता एका शब्दाचा आहे: ‘वाजवी’. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत आकडे होते: सलग काम साधारण 12 तासांपलीकडे नको, आठवड्याला 48 तास. ते कागदावरच राहिले. 2023 च्या डिसेंबरात पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम आले, त्यात आठवड्याची एक सुट्टी आली, पण कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढंच आलं. वाजवी म्हणजे किती हे युनिट हेड ठरवणार, आणि युनिट हेड स्वतः छत्तीस तास सलग काम करून मोठा झालेला. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द वॉर्डात कुठल्याही राजपत्रापेक्षा जास्त चालतात.

2024 मध्ये आयोगाच्याच कार्यगटाने अहवाल दिला. ऑनलाइन सर्वेक्षणात 25,590 पदवीचे आणि 5,337 पदव्युत्तर विद्यार्थी आणि 7,035 अध्यापक होते. पदवीच्या 27.8 टक्के आणि पदव्युत्तरच्या 15.3 टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं नोंदवलं. स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांचे हे आकडे, त्यामुळे ते जपून वापरायला हवेत. तरी कॉलेजांना आता ‘आमच्याकडे असं काही नाही’ म्हणणं जड जातं. या कार्यगटाने ‘वाजवी’ला शेवटी आकडा दिला: आठवड्याला 74 तास. एक दिवस सुट्टी, एक 24 तासांची ड्यूटी, उरलेले पाच दिवस दहा-दहा तास. 48 पासून 74 पर्यंत आलेला हा आकडा सुधारणा म्हणून मांडावा लागतो, यावरूनच मधल्या बत्तीस वर्षांत वॉर्डात काय चाललं होतं ते कळतं. अर्थात हीही शिफारसच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात एका रेसिडेंट डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि देशभर संप झाले. ड्यूटी रूमला आतून कडी आहे का, रात्री जिन्यात दिवा असतो का, हे प्रश्न त्यानंतर पहिल्यांदा वेलनेसच्या बैठकांत आले. आधी त्या बैठकांत झुंबा होता.

अंमलबजावणीचं सध्याचं चित्र संमिश्र आहे. गॅदरिंग जोरात आहेत, मॅरेथॉनचे टी-शर्ट निघतात, पाम बीच रोडवर पहाटे पांढऱ्या बनियनमधली भावी डॉक्टर मंडळी धावताना दिसतात. वेलनेस डेच्या फोटोत रेसिडेंट सहसा नसतात; त्या दिवशी इमर्जन्सी त्यांच्याचकडे असते. हॉस्टेलच्या जिन्यात रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा फलक बहुतेक ठिकाणी अजून आहे, कडा पिवळ्या पडलेला. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू झाली, तिचा 14416 हा क्रमांक त्याच्याच खाली चिकटवलेला असतो. मुलींच्या एका हॉस्टेलात मात्र तो जिन्यातून काढून बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, वाचताना कोणी बघू नये म्हणून. ही सूचना समितीची नव्हती, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींची होती.