गृहप्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध एनजीटीत अपील : मुदत, पात्रता आणि कागदपत्रं

२०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या गृहप्रकल्पाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, घ्यावी लागते. पण केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनं बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. शेजारच्या वस्तीला पाण्याबद्दल, ओढ्याबद्दल कुणी विचारत नाही, हा त्या अधिसूचनेतला मोठा अन्याय आहे. मंजुरी निघाल्यावर दाद मागायची ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (एनजीटी). महाराष्ट्र आणि गोवा पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे येतात.

मुदत

बहुतेक गट इथेच हरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १६ खाली अपील ३० दिवसांत करायचं असतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो. ९१ व्या दिवशी मात्र न्यायाधिकरणालाही अपील घेता येत नाही, मुद्दा कितीही खरा असला तरी. मंजुरीची माहिती १ जूनला जाहीर झाली, तर साधी मुदत १ जुलैला संपते आणि शेवटचा दरवाजा ३० ऑगस्टला बंद होतो.

दिवस मोजायचे ते मंजुरी जाहीर झाल्यापासून. मंजुरी संकेतस्थळावर चढवणं, बिल्डरनं वर्तमानपत्रात जाहिरात देणं आणि स्थानिक संस्थेनं प्रत लावणं, यांतलं जे आधी घडलं ती तारीख धरली जाते. "आम्हाला पत्र्याचं कुंपण लागल्यावर कळलं" हे कारण सहसा टिकत नाही. म्हणून प्रस्ताव दाखल झाल्यापासूनच परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीच्या प्रस्तावांचं केंद्राचं संकेतस्थळ) प्रकल्पाचं पान दर आठवड्याला बघा. प्रस्ताव तपासणाऱ्या राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीची कार्यसूची आणि इतिवृत्तं उतरवून ठेवा. मंजुरीआधीच समितीला लेखी हरकत पाठवून पोच घ्या. ती हरकत विचारात घेतली नाही, हा पुढे अपिलातला मुद्दा होतो.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्याला कायद्यानंच ३० दिवस दिलेत, म्हणजे अपिलाची सगळी मुदत त्यात जाते. पोर्टलवर मिळेल तेवढ्यावर अपील दाखल करा, बाकीचं नंतर परवानगी घेऊन जोडता येतं.

अपील की अर्ज?

मंजुरीच चुकीची असेल तर कलम १६ चं अपील. मंजुरीविना काम सुरू आहे, अटी मोडल्या आहेत किंवा ओढा बुजवला आहे, अशी तक्रार असेल तर कलम १४ चा अर्ज. त्याची मुदत तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर जास्तीत जास्त ६० दिवस. एका प्रकरणात तक्रारीचं कारण एकच हवं.

न्यायाधिकरण फक्त अनुसूचीतल्या सात कायद्यांखालचे वाद ऐकतं : जल, जल उपकर, वनसंवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा, त्यात नाही. आरक्षण बदललं, एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण) जास्त दिला, सातबारा खोटा आहे, हे मुद्दे तिथे चालत नाहीत. त्यांच्यावर पानं भरली की मूळ मुद्दा पातळ होतो.

बांधकाम क्षेत्राचं गणित मात्र नीट करा. पुण्यातल्या गोयल गंगा या बिल्डरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१८ ला स्पष्ट केलं की पर्यावरण मंजुरीसाठीचं बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआय नव्हे. मंजुरी ५५२ सदनिकांची, उभ्या राहिल्या ८०७. १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यांपैकी जी जास्त ती रक्कम भरण्याचा आदेश झाला. तरीही लोकांनी विकत घेतलेल्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत. म्हणून तक्रार पाया खोदत असतानाच करा.

कोण करू शकतं, काय जोडायचं

कुणीही बाधित व्यक्ती किंवा प्रातिनिधिक संस्था अपील करू शकते. नोंदणीकृत सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव लागतो. नोंदणी नसलेल्या गटानं गटाच्या नावानं जाऊ नये, दोन-तीन रहिवाशांनी स्वतःच्या नावानं जावं. वकील सक्तीचा नाही.

अपील किंवा अर्ज नमुना १ मध्ये, प्रतिज्ञापत्रासह. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. सोबत मंजुरीपत्राची प्रत, समितीची आणि मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाची इतिवृत्तं, बिल्डरनं भरलेला अर्ज व नकाशे, तारखांसह छायाचित्रं, जुन्या-नव्या उपग्रह प्रतिमा आणि टँकरची बिलं किंवा पाणीपुरवठा विभागाची पत्रं जोडा. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर हवं. उशीर झाला असेल तर माफीचा वेगळा अर्ज, त्यात प्रत्येक आठवड्याचा हिशोब. प्रतिवादींमध्ये बिल्डर, राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका घ्या. बिल्डरचं नाव मंजुरीपत्रावर आहे तसंच लिहा, जाहिरातीतलं प्रकल्पाचं नाव नको.

अपील दाखल झालं म्हणून काम थांबत नाही. स्थगितीचा अंतरिम अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या आणि त्यात रोज काय नष्ट होतंय ते लिहा. निकाल विरोधात गेला तर कलम २२ खाली ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. अपील फेटाळलं गेलं तरी मंजुरीच्या अटी लागूच राहतात. बिल्डरला १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो मागवून जागेवरच्या स्थितीशी ताडून बघा. अट मोडलेली दिसली तर कलम १४ चा अर्ज करता येतो.