विलक्षण अतिनवताऱ्यांचे वर्णपटविज्ञान

ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश तरंगलांबीनुसार फाकवायचा आणि त्यातल्या रेषांवरून कोणती मूलद्रव्ये उधळली गेली, ती किती वेगाने निघाली, किती तापलेली होती हे ठरवायचे, या अभ्यासाला अतिनवताऱ्यांचे वर्णपटविज्ञान म्हणतात. अतिनवतारा म्हणजे सुपरनोव्हा. दूरच्या दीर्घिकेतला असा तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून ठिपक्यासारखाच दिसतो. तेजस्विता मोजली तर स्फोट केवढा हे कळते. पण फुटले काय, हे वर्णपटावाचून सांगणे अवघड असते. नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या स्फोटांच्या बाबतीत तर सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

बेळगाव सीमाभागाशी या विद्येचे नाते जुने आहे आणि ते जेवढे सांगितले जायला हवे तेवढे सांगितले जात नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीचा वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला आले. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ती बेळगावला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. ऐन पावसाळ्याचे दिवस, ढग आडवे येत होते. तरी मिळालेल्या उघडिपीत सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन झळाळत्या रेषा दिसल्या. अखंड सप्तरंगी पट्टा नाही, सुट्या रेषा. म्हणजे या ज्वाला तप्त, विरळ वायूच्या आहेत हे उघड झाले. त्याच सकाळी विजापुरातून कॅप्टन हेग यांनी, तर गुंटूरहून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी अशीच निरीक्षणे केली.

हर्शेल यांना नारिंगी रेषा सोडियमच्या रेषेशी जुळणारी वाटली. चूक स्वाभाविक होती. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात आणि ही रेषा होती ५८७.६ वर. पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेषा पाहिली. ती सोडियमची नाही हे पटल्यावर अज्ञात मूलद्रव्याला हीलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडले. लॉकयर यांनी हा शोध विजयदुर्गावरून लावला असे आपल्याकडे वारंवार छापून येते. ते खरे नाही, ग्रहणाच्या वेळी ते भारतात नव्हते. विजयदुर्गाचा अभिमान असावाच, पण हीलियमच्या कथेत जमखंडीचे नाव वगळणे अन्यायाचे आहे.

याच ५८७.६ च्या रेषेवर आज अतिनवताऱ्यांच्या वर्गीकरणातला एक महत्त्वाचा निर्णय अवलंबून असतो. खगोलशास्त्रज्ञ मिंकोव्स्की यांनी १९४१ मध्ये पहिली विभागणी केली : वर्णपटात हायड्रोजन नसेल तर पहिला प्रकार, असेल तर दुसरा. पुढे पहिल्याचे तीन पोटप्रकार झाले. सिलिकॉनची ठसठशीत शोषणरेषा, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याने उमटणारी काळी रेषा, असेल तर ‘एक-ए’. ती नसून हीलियम असेल तर ‘एक-बी’. दोन्ही नसतील तर ‘एक-सी’. ‘एक-ए’ म्हणजे श्वेत बटूचा, इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा, स्फोट, बाकीचे बहुतेक प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांचे गाभे कोसळून होणारे. ‘बी’ आणि ‘सी’ मधले तारे फुटण्याआधीच आपली बाहेरची आवरणे गमावून बसलेले असतात.

वेग कसा कळतो हे सिलिकॉनवरून पाहता येते. स्थिर स्थितीत ६३५.५ नॅनोमीटरवर असणारी त्याची रेषा ‘एक-ए’ मध्ये ६१५ च्या आसपास सापडते, कारण ती उमटवणारा वायू आपल्या दिशेने धावत असतो. या सरकण्याला नीलसृती म्हणतात आणि तिच्यावरून वेग येतो सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर.

साच्याबाहेरचे स्फोट इथून सुरू होतात. एसएन २००२सीएक्स (एसएन म्हणजे सुपरनोव्हा, पुढे सापडल्याचे वर्ष आणि अनुक्रमाची अक्षरे) हा वरकरणी ‘एक-ए’, पण त्याचा वेग नेहमीच्या जवळजवळ निम्मा. असे आणखी सापडले आणि ‘एक-एएक्स’ हा वेगळा वर्ग मानावा लागला. एसएन २००३एफजी हा उलट अतितेजस्वी : चंद्रशेखर मर्यादेनुसार श्वेत बटूला सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान पेलते, तर याचे अनुमान दोन पटींच्याही पुढे गेले. एसएन १९९८बीडब्ल्यू च्या रेषा इतक्या रुंद होत्या, की वेग सेकंदाला ३०,००० किलोमीटरच्या घरात निघाला. गॅमा किरणांच्या एका स्फोटाशी त्याचा संबंध जोडला गेला. एसएन १९९३जे ने तर आपली ओळखच बदलली. सुरुवातीला हायड्रोजन दाखवला, काही आठवड्यांनी हीलियम ठळक झाला. एकच वर्णपट घेऊन थांबणाऱ्याने त्याला चुकीच्या कप्प्यात टाकले असते.

जून २०१८ मधला एटी२०१८काऊ, नावातल्या अक्षरांमुळे ‘गाय’ म्हणून गाजलेला, काही दिवसांतच शिगेला पोहोचला आणि त्याचा सुरुवातीचा वर्णपट तप्त, निळा, जवळजवळ कोरा होता. रेषा नंतर उमटल्या. त्याच्या पोटात काय होते, न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, यावर अजून एकमत नाही. एसएन २०२१वायएफजे मध्ये सिलिकॉन, गंधक आणि आरगॉन यांच्या अरुंद रेषा सापडल्या. असा तारा बाहेरचे थर एकामागून एक टाकत थेट आतल्या थरापर्यंत सोलला गेला होता. प्रस्तुत लेखकाला या सगळ्यांत हाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वजनदार ताऱ्याच्या पोटात कांद्यासारखे थर असतात हे इतकी वर्षे गणितावरून सांगत आलो, ते इथे प्रत्यक्ष वाचता आले.

अरुंद रेषांचे महत्त्व वेगळे आहे. त्या स्फोटाच्या मलब्याच्या नसतात. मरण्यापूर्वी ताऱ्याने भोवती सोडलेल्या संथ वायूच्या असतात. एसएन २००६जेसी मध्ये अशा अरुंद हीलियमरेषा दिसल्या आणि दोन वर्षे आधी, २००४ मध्ये, त्याच जागी एक छोटा उद्रेक जपानचे हौशी निरीक्षक इटागाकी यांनी टिपला होता. १९ मे २०२३ रोजी एम १०१ दीर्घिकेतला एसएन २०२३आयएक्सएफ याच निरीक्षकांना सापडला. पहिल्या काही दिवसांत त्याच्याभोवतीच्या वायूच्या रेषा चमकल्या आणि आठवड्याभरात मावळल्या. म्हणून वर्णपट लवकर घेणे सर्वांत महत्त्वाचे. लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीनेही त्याचे वर्णपट घेतले. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरची ही दुर्बीण कर्नाटकातच, बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते.

बेळगावच्या अक्षांशावरून, म्हणजे १६ अंशांच्या किंचित खालून, एम १०१ मे महिन्याच्या रात्री उत्तरेला पन्नासेक अंश वर येते. वळिवाच्या ढगांनी साथ दिली तर आठ इंची दुर्बीण आणि प्रकाश फाकवणारी, मिलिमीटरला १०० रेघा असलेली विवर्तन जाळी लावून अशा तेजस्वी अतिनवताऱ्याचा ढोबळ वर्णपट हौशी निरीक्षकालाही घेता येतो. मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला एसएन १९८७ए मात्र इथून जवळजवळ हुकलाच होता : तो मेघ आपल्या क्षितिजावर जेमतेम पाच अंश येतो.

खानापूर, जांबोटीकडचे आकाश काळेभोर, पण पाऊस भरपूर आणि हवा दमट. अथणी, रायबाग, गोकाककडे उघड्या रात्री जास्त मिळतात. शहरात दिव्यांची अडचण आहे. जुने पिवळे सोडियम दिवे नेमके ५८९ च्या आसपास उजेड ओततात, म्हणजे हीलियमच्या रेषेला अगदी खेटून, जिथे हर्शेल यांची गफलत झाली तिथेच. त्यांच्या जागी आलेल्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या पट्ट्यावर पसरतो. त्यामुळे अतिनवताऱ्याकडे वळण्याआधी अभिजित (व्हेगा) या ताऱ्याचा वर्णपट घ्यावा, त्यातल्या हायड्रोजनच्या ४८६.१ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषांवरून मोजपट्टी बसवावी. ‘एक-बी’ मधला हीलियम मग ५८७.६ वर शोधू नये. सेकंदाला १०,००० किलोमीटर वेग असेल, तर तो ५६८ च्या आसपास खळग्यासारखा सापडतो.