वायलमधले वरचे थेंब

इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीवर, म्हणजे वायलवर, १० मिली छापलेले असते, पण भरताना त्यात साडेदहा मिली घालतात. औषध काचेला आणि रबरी बुचाच्या आतल्या बाजूला चिकटते, सुईत अडकते. ते वजा जाऊन छापलेले १० मिली सिरिंजमध्ये यायला हवेत. अमेरिकी औषधसंहितेच्या तक्त्यात पाण्यासारख्या पातळ द्रावणाला १ मिलीच्या वायलला ०.१० आणि १० मिलीच्या वायलला ०.५० मिली जास्त सुचवले आहे. दाट द्रावणाला हेच आकडे ०.१५ आणि ०.७० आहेत. लेबलवरचा आकडा ही किमान हमी. १८८६ मध्ये पॅरिसच्या एका फार्मसिस्टने एका डोसची काचेची बंद कुपी, म्हणजे अॅम्प्युल, आणली, तेव्हापासून हा हिशोब मागे लागला आहे.

खरा घोळ शब्दांचा आहे. ओव्हरफिल आणि ओव्हरएज हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि दोन्हींसाठी आपण 'जास्तीचे' म्हणून मोकळे होतो. ओव्हरफिलमध्ये द्रावण जास्त असते, पण दर मिलीमागची ताकद तीच राहते. ओव्हरएजमध्ये मूळ औषधच काही टक्के जास्त घालतात, उत्पादनात होणारी घट भरून काढण्यासाठी. साठवणुकीत औषध कमजोर पडते म्हणून ओव्हरएज घालणे नियामकांना पसंत नाही, आणि ते योग्यच आहे. गोठवून सुकवलेल्या पावडरच्या वायलमध्ये गुंता आणखी वाढतो. सुकवण्याआधी द्रावण थोडे जास्त भरले की सुकल्यावर मिलिग्रॅमही जास्त उरतात. मग मिसळायच्या पाण्याचे माप त्यानुसार ठरवले नाही, तर ताकदच बदलते. माझ्या मते कागदपत्रांत हे दोन शब्द वेगळे न ठेवणे ही गंभीर चूक आहे.

अॅसेप्टिक, म्हणजे निर्जंतुक वातावरणात होणाऱ्या, भरणीत आणखी एक अडचण असते. अशा औषधाला भरल्यानंतर ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याचा, आधार नसतो, म्हणून मध्येच हात घालून पंप जुळवणे टाळलेलेच बरे. व्हॉल्यूम वजनावरून, घनतेने भागून तपासतात. पंपाचा चढउतार धरूनही एकही वायल कमी भरू नये म्हणून लक्ष्य थोडे वर ठेवतात. 'थोडे' म्हणजे किती, यावर गेल्या वीस वर्षांत सगळा वाद झाला.

२००८ मध्ये लास वेगासमध्ये हिपॅटायटिस सीची साथ उघडकीस आली. एकाच रुग्णासाठी असलेल्या भूलऔषधाच्या वायल पुढच्या रुग्णांना वापरल्या गेल्या होत्या. तपासणी करून घ्या, असे चाळीस हजारांवर लोकांना कळवावे लागले. २०१५ मध्ये अमेरिकी नियामकाने अंतिम मार्गदर्शन काढले: तक्त्यापेक्षा जास्त भरायचे तर कारण द्या, आणि एकाच डोसच्या वायलमध्ये दुसऱ्या डोसचा मोह होईल इतके उरू देऊ नका. दिशा बरोबर होती, पण वायलच गरजेपेक्षा मोठी असली तर काय, हा प्रश्न मागे राहिला. कर्करोगावरचे एक औषध अमेरिकेत फक्त ३.५ मिलिग्रॅमच्या वायलमध्ये विकले जाई, ब्रिटनमध्ये १ मिलिग्रॅमचीही मिळे. अखेर अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने, सरकारी विम्यात १० टक्क्यांवर वाया जाणाऱ्या औषधाचे पैसे कंपनीने परत करायचे ठरले. अंमल २०२३ पासून.

या सगळ्याच्या मध्ये फायझरची कोविड लस आली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या फार्मसिस्टांना दिसले, की ०.३ मिलीच्या पाच डोसांच्या वायलमधून सहावाही निघतो. ०.४५ मिली लशीत १.८ मिली सलाइन, म्हणजे एकूण २.२५ मिली, सहा डोसांना १.८ पुरते. मात्र सिरिंजच्या टोकाशी फार कमी द्रव अडकणारी सिरिंज हवी. दोन वायलमधले उरलेले एकत्र करू नका, ही सूचना लगेच आली, कारण लशीत जंतूंची वाढ रोखणारे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये लेबलवर सहा डोस आले आणि करार डोसांवर असल्याने सहावा डोस पुरवठ्यात मोजला जाऊ लागला. तशा सिरिंज ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्यावर हा अन्यायच झाला.

केरळात उलटे घडले. तेव्हा पुण्यात बनणाऱ्या कोविशील्ड लशीची वायल ५ मिलीची, डोस ०.५ मिलीचा. नर्स एक थेंबही वाया जाऊ न देता डोस काढत, आणि दहा झाल्यावर पुष्कळदा अकरावाही पूर्ण भरे. मे २०२१ मध्ये राज्याने आकडे दिले: मिळालेले डोस ७३,३८,८०६, दिलेले ७४,२६,१६४. तिथे वायल दहा डोसांचीच मोजली जात होती, म्हणून ते ८७,३५८ डोस खरोखर वरचे ठरले.