टेबलटॉप आरपीजीमध्ये कॉम्बॅट आणि रोलप्लेचा बॅलन्स

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये (आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायची गोष्ट) मारामारी किती आणि कॅरेक्टर बनून बोलणं-वागणं किती, याचा मेळ घालणं म्हणजे हा बॅलन्स. तो अर्धा वेळ हे अन् अर्धा वेळ ते असा मोजून जमत नाही, नियम कशाला बक्षीस देतात त्यावर बरंच ठरतं.

मुळात हा प्रकारच वॉरगेममधून, म्हणजे लढाईच्या डावपेचांच्या खेळातून आलाय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आलं, त्याच्यामागे चेनमेल हा १९७१ चा मिनिएचर (छोट्या पुतळ्यांनी खेळायचा) वॉरगेम होता. पण गंमत म्हणजे तेव्हा बहुतेक एक्सपी (कॅरेक्टर वर चढायला लागणारे अनुभवाचे पॉइंट) मॉन्स्टर मारून नाही तर खजिना बाहेर आणून मिळायचे, एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी, त्यामुळे शहाणे प्लेअर लढाई टाळायचे, सौदा करायचे, नाहीतर गुपचूप सटकायचे. पुढे एक्सपी मुख्यतः शत्रूला हरवण्याशी जोडले गेले आणि मग लोक दिसेल त्याला मारत सुटले, यात प्लेअरना काय दोष द्यायचा!

वेळेचं गणितही विचित्र आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनमध्ये (२०१४) एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) ६ सेकंदांचा, म्हणजे पाच राउंडची लढाई गोष्टीत जेमतेम अर्धा मिनिट चालते पण टेबलावर तिला आरामात तासभर लागतो, आणि तिकडे राजाशी तह करायचा असेल तर मन वळवण्यासाठी डाइसचा एक पर्सुएजन रोल टाकला की विषय संपला. त्याच एडिशनने एक्सप्लोरेशन, सोशल इंटरॅक्शन आणि कॉम्बॅट असे तीन आधार सांगितलेत खरे, पण नियमांचा भार कॉम्बॅटवरच जास्त आहे.

त्यातल्या त्यात चांगला उपाय म्हणजे रोलप्ले लढाईच्या आतच घुसवणं. समजा पुलावर तीन दरोडेखोर आहेत, दुसऱ्या राउंडला एक पडला, आणि त्याचा भाऊ तलवार टाकून म्हणतो, ‘याला उचलून नेऊ द्या, पूल तुमचा.’ इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांचा क्रम) चालूच आहे, पुढचा टर्न रागीट फायटरचा आहे, आणि आता तो काय करतो त्यावरून त्याचं कॅरेक्टर जितकं कळेल तितकं सरायमधल्या तासभराच्या गप्पांतून कळणार नाही. यासाठी शत्रूला मरेपर्यंत लढायला लावायचं नाही, त्यालाही जीव प्यारा असतो.

उलट बाजूने बोलण्यालाही नियमांचा आधार लागतो. लाजाळू प्लेअरने गोडबोल्या बार्ड (गाणारं-बोलणारं कॅरेक्टर) घेतला तर त्याच्याकडून भाषण मागू नये, काय हवंय आणि समोरच्याने का ऐकावं एवढं सांगितलं की रोल द्यावा. आणि कॅरेक्टरचा करिष्मा (छाप पाडण्याचा आकडा) कमी, म्हणजे ८ ठेवून नुसत्या तोंडाच्या जोरावर प्रत्येक सीन जिंकणाऱ्यालाही डाइस टाकायला लावावेत, नाहीतर तो स्टॅट फुकटच जातो.

काही सिस्टिम हा प्रश्न मुळातच वेगळा सोडवतात. कॉल ऑफ क्थुलूमध्ये (१९८१) लढाई इतकी जीवघेणी की पळणं हाच शहाणपणा, बर्निंग व्हीलमध्ये (२००२) वादविवादालाच डावपेचांचे नियम आहेत, आणि फियास्कोमध्ये (२००९) गोष्ट चालवणारा गेम मास्टरच नाही, कॉम्बॅट सिस्टिमही नाही.

एकाच ग्रुपमध्ये दोन्ही आवडीची माणसं असतातच, म्हणून सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीतच, कोणाला काय हवंय ते विचारून घेतात. तरी खेळताना लक्ष ठेवावं लागतं, कारण तोंडाने सगळे ‘रोलप्ले आवडतो’ म्हणतात आणि लढाईचा मॅप मांडला की तेच आधी पुढे सरसावतात.