संत वात्स्लाव अश्वारूढ पुतळा, प्राग
प्राग (चेक प्रजासत्ताक) येथील वात्स्लाव चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर असलेले ब्राँझचे स्मारकशिल्प. शिल्पकार योसेफ वात्स्लाव मिस्लबेक (२० जून १८४८–२ जून १९२२). चबुतऱ्याची रचना वास्तुकार आलोईस द्रियाक याची असून त्यावरील अलंकरण त्सेल्दा क्लोउचेक याचे आहे. मध्यभागी अश्वारूढ वात्स्लाव आणि भोवती चार संत अशी मांडणी : पुढे लुडमिला (वात्स्लावची आजी) व प्रोकोप, मागे आग्नेस व व्होयत्येख. आग्नेसला संतपद मिळाले ते १९८९ मध्ये. शिल्प घडले तेव्हा ती केवळ ‘धन्य’ या (कॅथलिक पंथातील संतपदाआधीच्या) पदवीस पोहोचली होती.

वात्स्लाव हा बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाचा) दहाव्या शतकातील अधिपती. धाकटा भाऊ बोलेस्लाव याच्या माणसांनी स्तारा बोलेस्लाव येथे २८ सप्टेंबर रोजी त्याचा वध केला. वर्षाबद्दल मतभेद आहेत. जुन्या ग्रंथांत ९२९ आढळते. अलीकडचे बहुतेक अभ्यासक ९३५ कडे झुकतात आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. चेक भूमीचा पालक म्हणून त्याची उपासना वधानंतर लवकरच सुरू झाली.

चौकाची आखणी बोहेमियाचा राजा चौथा कार्ल याने १३४८ मध्ये केली. तेव्हा तो घोडेबाजार होता व त्याच नावाने ओळखला जाई. सध्याचे नाव १८४८ मधले. मिस्लबेकच्या आधीही येथे वात्स्लावचा अश्वारूढ पुतळा होता. यान यिर्झी बेंडल याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलेले ते बरोक शैलीतील शिल्प १८७९ मध्ये व्हिशेहराद या प्रागमधील जुन्या किल्ल्यात हलवण्यात आले. संग्रहालयाची इमारत (१८८५–९१, वास्तुकार योसेफ शुल्ट्झ) उभी राहिल्यावर तिच्यासमोर साजेसे स्मारक हवे, या विचाराला जोर आला. १८९४ मध्ये स्पर्धा झाली. तीत मिस्लबेकप्रमाणेच बोहुस्लाव श्निर्ख हाही होता. काम अखेर मिस्लबेककडे आले.

स्मारकाचा काळ सांगताना संदर्भग्रंथ एकवाक्यता दाखवत नाहीत. काही जण १८८७ पासूनची आरंभीची रेखाटने धरून मोजतात, काही स्पर्धेपासून. समाप्तीचे वर्ष म्हणून १९१२, १९१३ व १९२४ अशी तिन्ही आढळतात. अश्वशिल्प १९१२ मध्ये चबुतऱ्यावर चढले, असे सामान्यतः मानले जाते. संतांपैकी शेवटचा व्होयत्येख मात्र १९२४ मध्ये, म्हणजे शिल्पकाराच्या मृत्यूनंतर, आपल्या जागी आला. तेव्हा १९१२ हे पुतळ्याचे आणि १९२४ हे स्मारकाचे वर्ष म्हटले तर बराचसा घोळ मिटतो.

एवढा काळ का लागला, याचे उत्तर बहुतांशी घोड्यात आहे. आरंभीच्या आराखड्यांतील वात्स्लाव हा स्वच्छंदतावादी वळणाचा स्लाव योद्धा होता. सारा आवेश हालचालीत होता. पुढे मिस्लबेकने हा आवेश उतरवत नेला. त्यासाठी त्याने लष्कराकडील आर्दो नावाचा नर घोडा समोर ठेवून काम केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेला आर्दोचा अभ्यास हे स्वतंत्र शिल्प म्हणूनही ओळखले जाते. त्यात खोगीर नाही, स्वार नाही. मानेची कमान, खांद्याचे स्नायू आणि पायांची ठेवण एवढ्यावरच सारे लक्ष आहे. अंतिम पुतळ्यातील घोडा बहुतांशी त्या अभ्यासातूनच आला, असे म्हणण्यास हरकत नाही. वर बसलेला वात्स्लाव साखळीचे चिलखत घालून, हाती निशाणाचा भाला धरून स्तब्ध आहे. गती आहे ती घोड्याच्या चालीत.

या घोड्यावर ऐतिहासिक आक्षेप घेता येतो. दहाव्या शतकातील युरोपातले स्वारीचे घोडे आजच्या मानाने ठेंगणे असत. आर्दो हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या घोडदळाच्या काळातला उंच, भरदार घोडा. पण स्मारकशिल्पाकडून पुरातत्त्वाची काटेकोर अपेक्षा धरणे फारसे न्याय्य नाही, आणि मिस्लबेकसमोर प्रश्न वेगळा होता. चालत्या घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला असला की वर स्वार आणि भाला यांचा भार उरलेल्या तीन पायांवर येतो. रोममधील मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यापासून शिल्पकारांना हा पेच ठाऊक आहे. पंधराव्या शतकातील इटालियन शिल्पकार दोनातेल्लो याने पादुआ येथील गात्तामेलाता या सेनानीच्या पुतळ्यातील घोड्याच्या उचललेल्या खुराखाली गोळा ठेवून तो सोडवला. मिस्लबेकने असा आधार घेतला नाही. उचललेल्या पायाचा स्वाराच्या मृत्यूशी संबंध जोडणारी समजूत आपल्याकडच्या पुतळ्यांबाबतही हौसेने सांगितली जाते. शिल्पकलेच्या इतिहासात अशा सर्वमान्य संकेताला आधार नाही.

मिस्लबेक हा काही केवळ अश्वशिल्पी नव्हे. पालात्स्की पुलासाठी त्याने केलेली चेक पुराणकथांतील चार युग्मे १९४५ च्या बाँबहल्ल्यानंतर तेथून काढून व्हिशेहराद येथे नेण्यात आली. यान श्तुर्सा हा त्याचा शिष्य. आधुनिक चेक शिल्पकलेचा जनक मिस्लबेक, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र लोकांच्या नजरेत तो या एका घोड्याशीच बांधला गेला.

चबुतऱ्यावर वात्स्लावच्या जुन्या स्तोत्रातील, आम्हांला आणि आमच्या पुढच्यांना नष्ट होऊ देऊ नकोस, अशा आशयाची प्रार्थना कोरलेली आहे. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी इसिदोर झाहराद्निक या धर्मगुरूने ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता संपल्याची घोषणा येथेच केली. १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणानंतरच्या परिस्थितीच्या निषेधार्थ याच परिसरात आत्मदहन केले. १९८९ मधील कम्युनिस्ट राजवटीविरुद्धची निदर्शनेही येथेच झाली. प्रागवासी भेटीची जागा ठरवताना ‘घोड्यापाशी’ म्हणतात आणि सलगीत ‘शेपटीखाली’. १९९९ मध्ये शिल्पकार दाविद चेर्नी याने या पुतळ्याचे विडंबन घडवले. त्यात मेलेला घोडा पाय बांधून उलटा टांगलेला आहे आणि वात्स्लाव त्याच्या पोटावर बसला आहे. हे शिल्प चौकालगतच्या लुत्सेर्ना इमारतीच्या दालनमार्गात आहे.

प्रागमधील दुसरा मोठा अश्वारूढ पुतळा व्हीत्कोव्ह टेकडीवर यान झिझ्का या हुसाइट (धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांच्या) सेनानीचा आहे. बोहुमिल काफका (१८७८–१९४२) याने तो घडवला. अनावरण १९५० मध्ये झाले. उंची सुमारे ९ मीटर. जगातील सर्वांत मोठ्या ब्राँझ अश्वशिल्पांत त्याची गणना होते, पण घोड्याच्या शरीररचनेच्या बारकाव्यात तो मिस्लबेकच्या कामाची बरोबरी करीत नाही.